खुर्चीवर बसायचं की खुर्ची बघायची?

ओसरी

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

निमित्त असं की माझी भाची फर्निचर डिझाइन शिकून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली आणि गेल्या महिन्यात मुंबईत एका ग्रुप शोमध्ये तिने स्वतः केलेली खुर्ची ठेवली होती. ग्रुप शो म्हणजे आठनऊ नवीन मुलंमुली, कुणी दिवे केलेले, कुणी सिरॅमिकच्या टाइल्स, एकाने चाळीच्या जिन्याचं लाकडी मॉडेल, आणि हिची खुर्ची. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान आणून केलेली, पाठ आणि बैठक वेताची, मागचे पाय जरासे मागे फाकलेले. मी मावशी म्हणून पहिल्याच दिवशी डबा घेऊन हजर (चतुर्थी होती, साबुदाण्याची खिचडी).

तर झालं काय, साधारण साठीचे एक गृहस्थ आले, उन्हातून आलेले, दमलेले, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसले. रुमाल काढून मान पुसली, पाय लांब केले. आणि लगेच गॅलरीतला मुलगा धावत आला, सर सर प्लीज, ते आर्टवर्क आहे. ते बिचारे असे दचकून उठले की जणू कुणाच्या मांडीवरच बसले होते. भाची मधे पडली, म्हणाली अहो बसा काका, खुर्चीच आहे ती. तर तो मुलगा तिला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम सगळे बसायला लागले तर ही किंमत कशी मिळणार?

दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने "बसून बघा" असं कार्ड लिहून शेजारी ठेवलं, दुपारपर्यंत ते कुणीतरी उचललं. किंमत ४२ हजार लावली होती. ती ऐकून काही लोक म्हणाले "एवढ्यात अख्खा सोफासेट येतो हो" आणि काहींनी विचारलं "एडिशन किती पीसची आहे?", म्हणजे अशा एकूण किती काढणार. बसायला बरी आहे का हे फक्त त्या दमलेल्या काकांनाच कळलं.

मला हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय. २०१६ च्या सुरुवातीला काळ्या घोड्याजवळच्या एनजीएमएत, म्हणजे नॅशनल गॅलरीत, भारतातल्या वास्तुकलेवर मोठं प्रदर्शन झालं होतं, राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी मांडलेलं. मी नवऱ्याला ओढत घेऊन गेले होते. तो प्रत्येक मजल्यावर नकाशे, फोटो, मॉडेलं बघत गोल जिना चढत वर घुमटापर्यंत गेला आणि तिथे मला विचारतो, "छान आहे गं सगळं, पण घर कुठाय?" तेव्हा मी हसले होते, आता वाटतं चुकीचं नव्हता बोलत.

तर प्रश्न असा की वास्तू, खुर्ची, दिवा असल्या वापरायच्या गोष्टी चित्रासारख्या "कला" म्हणून कधी मोजल्या जातात? आणि त्या मोजाव्यात का? तुमचे अनुभव लिहा, माझ्यासारख्या अडाणी माणसाला कळेल असे.

बाराबंदी

ओसरीताई, ३४ वर्षं सरकारी बांधकामात काढली त्यामुळे माझं उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात गळली नाही तर वास्तू, गळली तर कला. गळणाऱ्या इमारतीलाच का कुणास ठाऊक बक्षीस मिळतं :)

गंमत सोडा. चित्र आवडलं नाही तर तोंड फिरवता येतं, इमारत आवडली नाही तरी त्यातच बसून पगार घ्यावा लागतो. एका नावाजलेल्या आर्किटेक्टच्या (नाव नाही घेत) इमारतीत माझं ऑफिस होतं, खिडक्या अशा कोनात की दुपारी तीन ते पाच फायलीवर ऊन, आम्ही काचेवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती. नंतर कुणी परदेशी विद्यार्थी फोटो काढायला आले तर साहेबांनी ती काढायला लावली, फोटो झाल्यावर परत चिकटवली. त्या फोटोतलं ऑफिस मी पण बघितलंय, फार सुंदर दिसतं.

भाचीला माझ्याकडून शाबासकी. बसू दिलं हे बरं केलं.

पेन्शनर_सेक्टर२२

तुमच्या भाचीच्या खुर्चीचे फाकलेले पाय वाचून मला चंडीगड आठवलं. नव्वदच्या दशकात आमची तिकडे बँकेची पोस्टिंग होती, चार वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ल कार्बुझिए या पॅरिसच्या आर्किटेक्टने चंडीगड आखलं पण तिथे राहून रोजचं काम ओढलं त्याच्या चुलतभावाने, पिएर जानरेने. तो १९६५ पर्यंत तिथेच होता, दोन वर्षांनी वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे रक्षा सुखना तलावात सोडली. शहर नवीन, कचेऱ्या नव्या, हायकोर्ट, सचिवालय, विद्यापीठ, आणि बसायला हजारो खुर्च्या हव्यात. मग जवळपास मिळणारं लाकूड, वेत आणि पंजाबातले सुतार यांच्यावर भागेल असं फर्निचर आखलं. सागवान जाड, बाजूने बघितलं तर पाय उलट्या व्ही सारखे, वेताची पाठ कारण उकाडा. कारकून बसायचे, पक्षकार बसायचे, शिपाई त्यावर उभा राहून पंखा पुसायचा.

मग प्लास्टिकच्या आणि गाद्यांच्या खुर्च्या आल्या. वेत फाटलेल्या खुर्च्या एका कचेरीच्या गच्चीवर मी डोळ्यांनी बघितल्यात, एकावर एक चढवलेल्या, वर पावसाचं पाणी, पाय वर केलेल्या जनावरांसारख्या. दर काही महिन्यांनी भंगाराचा लिलाव व्हायचा. आमच्या एका सहकाऱ्याने दोन आणल्या होत्या, किंमत सांगितली तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आम्हा चौघांच्या छोले भटुऱ्याएवढी असेल. बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये जागा नाही म्हणून शेजाऱ्याला देऊन आला.

तेवढ्यात पॅरिसच्या डीलर लोकांना वास लागला. त्यांनी ढीगच्या ढीग उचलले, तिकडे नेऊन वेत नवा विणला, पॉलिश केलं आणि पांढऱ्या भिंतीपुढे एकेक मांडली. आज लंडन न्यूयॉर्कच्या लिलावात एकेका खुर्चीचे लाखांत जातात. मजा अशी की पाठीमागे कचेरीचं नाव आणि नग क्रमांक रंगाने घातलेला असतो ना, आपल्याकडे चोरी होऊ नये म्हणून घालतात तो, तो पुसलेला नसेल तर भाव जास्त! स्टोअरकीपरचा हात लागला म्हणून किंमत वाढली असं जगात दुसरीकडे कुठे झालं नसेल.

निमूट

पेन्शनरकाका, थांबवलं का नाही कुणी? सरकारी मालमत्ता होती ना?

पेन्शनर_सेक्टर२२

सरकारनेच विकली ना रीतसर, पावती देऊन. २०११ मध्ये गृहखात्याने अशा वस्तू विकायला आणि बाहेर न्यायला मनाई करणारा आदेश काढला, पण तोवर हंडा फुटला होता. आणि कस्टममध्ये अडवायचं तर कशाखाली, पुरातन वस्तूंचा कायदा १९७२ चा, त्यात वस्तू १०० वर्षं जुनी लागते. या खुर्च्यांना अजूनही नाही झाली शंभर.

चुन्याची_निवळी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते त्यामुळे दोन्हीकडून ओढाताण माहिती आहे.

आधी काकांच्या प्रतिसादात एक भर. त्या सगळ्या खुर्च्यांवर लिलावात एकट्या जानरेचं नाव लागतं कारण एक युरोपियन नाव असलं की माल जातो. पण तिथे युली चौधरी होत्या, देशातल्या सुरुवातीच्या महिला आर्किटेक्टपैकी, फर्निचरच्या कामात त्यांचा मोठा हात होता, शिवाय इतर भारतीय मंडळी, आणि सुतार तर वेगळेच, एकच ड्रॉइंग घेऊन दहा ठिकाणी दहा सुतारांनी थोडं थोडं वेगळं केलेलं. खुर्ची जोवर खुर्ची होती तोवर ती सगळ्यांची होती. चित्राला जसा एकच चित्रकार लागतो तसा इथेही एकच माणूस शोधला गेला आणि बाकीचे पुसले गेले. ओसरी, तुमच्या भाचीच्या कार्डावर वेत विणणाऱ्याचं नाव होतं का? (टोमणा नाही, खरंच विचारतेय.)

आता "घर कुठाय" बद्दल. वास्तुकलेच्या प्रदर्शनाची अडचण हीच की मूळ वस्तू आणता येत नाही. पण कागदाला कमी लेखू नका. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी संगाथचं म्हणजे अहमदाबादेतल्या स्वतःच्या स्टुडिओचं जे चित्र केलंय ते बघा, मोगल लघुचित्रासारखं, वरून बघितलेलं पण झाडं आणि माणसं बाजूने बघितलेली, इमारत, तिची कमानीसारखी गोलाकार छपरं, पाणी, मोर सगळं एकदम. त्या चित्रावरून सुताराला किंवा गवंड्याला काही बांधता येणार नाही. पण त्या जागेत उन्हाळ्यात गेल्यावर जे वाटतं ते त्यातच आहे.

आणि दोशी तर आपले पुण्याचे, १९२७ चा जन्म, घरात फर्निचरचा कारखाना, आजोबांच्या वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुश्यात वाढले, मग मुंबईच्या जेजे कॉलेजात शिकले, मग पॅरिसला कार्बुझिएकडे. २०१८ ला प्रित्झकर मिळालं, वास्तुकलेतलं सगळ्यात मोठं बक्षीस, भारतात पहिलंच. त्यांनी चित्रकार हुसेनसाठी जी गुफा केली अहमदाबादला, ती या धाग्यासाठी चांगलं उदाहरण आहे. जमिनीखाली, वर कासवाच्या पाठीसारखे घुमट, त्यावर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं अस्तर, आत एकही सरळ भिंत नाही. चित्रं लावायला केलेली गॅलरी आणि खिळा ठोकायला सपाट जागाच नाही! शेवटी हुसेनने भिंतींवरच रंगवलं. आता त्यात गॅलरी कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगा बघू.

बाराबंदी

खिळा ठोकायला जागा नसलेली गॅलरी. माझं म्हणणं सिद्ध झालं, मी आता चहा घेतो.

ओसरी

निवळीताई टोमणा लागला पण बरोबर लागला. कार्डावर फक्त भाचीचं नाव होतं. वेत विणणारे काका उल्हासनगरकडचे आहेत, त्यांनी दोन दिवस बसून विणलं. मी स्वतः बघितलं ते काम. वेत आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, मग उभे, आडवे, आणि शेवटी तिरके असे पदर, आणि प्रत्येक भोकात तात्पुरती एक लाकडी खुंटी मारतात म्हणजे ताण सुटत नाही. ओला असताना जरा सैल वाटतो, वाळला की ढोलकीसारखा टण्ण वाजतो. काका बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होते, एका कोपऱ्यात आवाज बद्द आला तर तेवढा भाग उसवला आणि पुन्हा केला. भाचीला सांगते, पुढच्या वेळी नाव घालायचं.

वकीलबाई

उशिरा आले, कोर्टाला सुट्टी लागलीय म्हणून सविस्तर लिहिते. कायदा या विषयावर फार मजेदार आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात "कलाकृती"ची व्याख्या आहे, त्यात चित्र, शिल्प, रेखाटन यांच्याच ओळीत वास्तुकृतीही आहे. म्हणजे ओसरीच्या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर "हो, कलाच". पण पुढे जाऊन बघा. कलम ५९ म्हणतं की इमारत तुमच्या नकाशाची चोरी करून बांधली जात असली तरी एकदा बांधकाम सुरू झालं की ते थांबवायचा किंवा पाडायचा हुकूम मागता येत नाही, नुकसानभरपाई मागा. चित्राच्या नकली प्रती जप्त होतात, नकली इमारतीत लोक राहायला जातात.

दोन केसेस शेजारी ठेवून बघा. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं ब्रॉन्झचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीत विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. ते कोर्टात गेले, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई. सरकारने पैसे देऊन घेतलेलं असलं तरी कलाकाराचा मान राहतो, असं.

दुसरी केस प्रगती मैदानातल्या हॉल ऑफ नेशन्सची. आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज, १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीला बांधलेला, पोलाद परवडत नव्हतं म्हणून काँक्रीटच्याच दांड्यांची त्रिमितीय जाळी, हाताने ओतलेली. एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला. वारसा म्हणून वाचवता आला नाही कारण वारसा समितीने ६० वर्षांची अट धरली आणि तो होता ४५ वर्षांचा. रेवाल कोर्टात गेले, म्हणाले माझी कलाकृती होती, तशीच परत बांधून द्या. २०१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. कोर्टाने जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा की अर्धवट मोडतोड करून ठेवली तर लोक ते बघतील आणि निर्मात्याची अब्रू जाईल, पण अख्खी नाहीशीच केली तर बघायला काही उरत नाही, मग अब्रू कशी जाणार? आणि जमिनीच्या मालकाचा हक्क वर.

म्हणजे चिरा पाडू नका, पाडायची तर अख्खी पाडा. मला तो निकाल कायद्याच्या चौकटीत समजतो, पण पचत नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्यानंतरच्या वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं, त्यात हा हॉल होता. इथे जागेवर धूळ, तिथे मानाचं पान.

आणि एक. पेन्शनरकाकांनी सांगितलेल्या १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली ज्यांची कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत असे नऊ कलाकार आहेत, रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, तिघे टागोर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि रोरिक. आर्किटेक्ट एकही नाही.

तिसरी_घंटा

पणजीहून. आमची कला अकादमी विसरू नका राव!

आर्किटेक्ट चार्ल्स कुरैय्यांची, १९८३ ची. मांडवीच्या काठाला, आणि तिचं खरं वैशिष्ट्य असं की आत कधी गेलो ते कळतच नाही. रस्त्यावरून मांडवाखाली, मांडवातून सरळ नदीवर. तिकीट नसलेला माणूस पण आत फिरतो, कॉलेजची पोरं बसलेली, कुणी तबल्याचा क्लास सुटून चाललेलं, तालीम चुकवून आम्ही कँटीनमध्ये. मी तिथे पहिल्यांदा स्पर्धेच्या नाटकात उभा राहिलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तिथल्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाने खोट्या गॅलऱ्या आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवलेत. रंगमंचावरून अंधारात खऱ्या आणि रंगवलेल्या प्रेक्षकांत फरक कळत नाही, ज्या प्रयोगाला खरे बारा जण होते त्या प्रयोगाला मारिओने आमची लाज राखली. म्हणून मला विचाराल तर इमारतीत कला आहे, कलेत इमारत आहे, आणि नट विंगेत उभा राहून दोघांना शिव्या घालतोय कारण साउंडची बोंब.

दुरुस्तीसाठी बंद केली, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्परच खाली आलं. रात्रीची वेळ, कुणी नव्हतं नशिबाने. बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणी "वास्तुकला" वगैरे शब्द वापरला नाही. एकाने फक्त लिहिलं, आपण तिथे बसून वडे खायचो.

थेम्सकाठचा_पाटील

कुरैय्यांचं निघालं म्हणून. त्यांनी आपलं सगळं ड्रॉइंगचं संग्रहण इथल्या रिबाला म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेला दिलं आणि २०१३ ला लंडनमध्ये मोठं प्रदर्शन झालं. मी गेलो होतो, पावसात. शेजारी एक गोरी आजी कांचनगंगा बिल्डिंगचं मॉडेल वाकून वाकून बघत होती, तिने मला विचारलं तू मुंबईचा का, या घरात राहायला कसं वाटतं? मी म्हटलं बाई मी डोंबिवलीचा. गंमत वाटली आणि थोडं वाईट पण, पेडर रोडवरून शंभर वेळा बसने गेलोय, मान वर करून बघितलं ते लंडनला.

शिकागोकर_७१

आमच्याकडचं एक घर सांगतो ज्याचा खरंच चित्रासारखा लिलाव झाला. शिकागोहून तासदीड तासावर प्लेनो गावाजवळ नदीकाठी फार्न्सवर्थ हाउस आहे, मीस व्हान डर रोहे या आर्किटेक्टचं, १९५१ चं. पोलाद आणि काच, एकच खोली, बस्स. एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरीण बाईंनी सुट्टीला जायला बांधून घेतलं आणि खर्च वाढत गेला, दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात. चारी बाजूंनी काच, मधलं न्हाणीघर आणि कपाट सोडलं तर आडोसा नाही. मला नेहमी वाटतं, आपल्याकडची कुठली बाई तिथे साडी बदलेल?

२००३ मध्ये ते सदबीच्या लिलावात आलं, चित्रं, दागिने विकतात तसं. भीती अशी की कुणी श्रीमंत माणूस विकत घेऊन सुटं करून दुसरीकडे नेऊन उभं करेल. जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थांनी लोकांकडून पैसे जमवून ७५ लाख डॉलरला सोडवलं. आता तिकीट काढून बघता येतं. मी आईला घेऊन गेलो होतो, गाइड अर्धा तास प्रमाणबद्धतेबद्दल बोलला. आई बाहेर आल्यावर म्हणाली, स्वयंपाक केला की सगळ्या घरात फोडणीचा वास. मी ते गाइडला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला तुमच्या आईचं खरं आहे, बाईंच्या तक्रारींत उकाडा पण होता आणि डास पण. आणि नदी! १९९६ च्या पुरात काचा फुटून आतलं सामान वाहून गेलं. घर जमिनीवरून पाच फूट उचलून बांधलंय आणि तरी.

बाराबंदी

पुररेषेच्या आत बांधकाम. आमच्या खात्याने एनओसीच दिली नसती. काकूंना नमस्कार सांगा.

ओसरी

धागा कुठल्या कुठे गेला पण मला फार आवडतंय, प्रिंट काढून भाचीला देणार आहे.

तिच्याबद्दल एक वाईट बातमी. तिने खुर्चीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले होते शोच्या आधीच, आणि परवा तिला एका मैत्रिणीने लिंक पाठवली, कुठल्या तरी ऑनलाइन दुकानात (नाव नाही लिहीत) तशीच्या तशी खुर्ची, पाय तसेच, वेताऐवजी प्लास्टिकची जाळी, ९,९९९ ला. वर "हँडक्राफ्टेड" लिहिलंय. पोरगी दोन दिवस जेवली नाही धड. वकीलबाई, काही करता येईल का हो? कलाकृती म्हणून कॉपीराइट आहे ना?

वकीलबाई

ओसरी, वाईट वाटलं वाचून. प्रत्यक्ष कागद बघितल्याशिवाय सल्ला देत नाही, पण नवीन मुलांनी हे सगळ्यांनीच वाचावं म्हणून इथे लिहिते.

खुर्ची ही दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडते. नुसतं शिल्प असतं तर कॉपीराइट कलाकाराच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. पण ज्याचं "डिझाइन" म्हणून रजिस्ट्रेशन होऊ शकतं आणि ते केलं नाही, अशा डिझाइनचा कॉपीराइट त्या वस्तूच्या ५० च्या वर प्रती तुम्ही स्वतः किंवा तुमच्या परवानगीने कुणी यंत्राने, औद्योगिक पद्धतीने काढल्या की संपतो. म्हणजे पन्नासाव्यापर्यंत तुम्ही कलाकार, एक्कावन्नावी निघाली की फर्निचरवाले. गॅलरीतले लोक "एडिशन किती" विचारतात ते वेगळ्या कारणासाठी, पण कायद्यालाही तोच प्रश्न पडतो बघा.

मग डिझाइन रजिस्टर करावं, २००० चा कायदा आहे, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून मिळतात. पण मेख अशी की ते डिझाइन "नवीन" लागतं, अर्जाच्या आधी कुठेही जाहीर झालेलं नसावं. फोटो टाकला, प्रदर्शनात मांडलं, की नवेपणा गेला. प्रदर्शनासाठी एक सवलत आहे पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच, आधी कंट्रोलरला नोटीस देऊन, आणि मग सहा महिन्यांत अर्ज. आपल्या पोरांचे ग्रुप शो त्यात कुठून बसणार. कलाशाळांत चार चार वर्षं शिकवतात, हे एक पान कुणी शिकवत नाही, राग येतो मला. आधी अर्ज, मग इन्स्टा. हे वर्कशॉपच्या दारावर लिहून ठेवा.

भाचीला म्हणावं मूळ स्केचेस, सुताराला पाठवलेले मेसेज, तारखांसकट सगळं जपून ठेव आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. तिचे हातचे दोनचार पीस आहेत तर मार्ग अगदीच बंद नाही.

चुन्याची_निवळी

+१ वकीलबाईंना, मी हे प्रिंट काढून आमच्या ऑफिसात लावणार.

ओसरी, भाचीला अजून एक सांगा, ९,९९९ वाल्या खुर्चीवर जाऊन बसून ये म्हणावं. खरंच. प्लास्टिकच्या जाळीला ताण धरत नाही, वर्षभरात पोट सुटतं.

निमूट

मी नुसता वाचक, लिहीत नाही कधी. पण एक सुचवतो. "घर कुठाय" चं उत्तर हवं असेल तर सगळे मिळून काळा घोड्याला जाऊ या, प्रदर्शन बघायला नको, इमारतीच बघू. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, लोक थेट आत चित्रं बघायला जातात, दारावरचं काँक्रीटचं लाटेसारखं छत कुणी बघत नाही. समोर एनजीएमए, मुळात १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, तिथे सभा, कुस्त्या, लग्नं सगळं व्हायचं म्हणे, आतून पूर्ण बदलून १९९६ ला गॅलरी झाली. आणि चौकातला घोडा पण. जुना घोडा राजासकट १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, २०१७ मध्ये बसवलेल्या नव्यावर स्वारच नाही, तो आखला अल्फाझ मिलर या आर्किटेक्टने आणि घडवला श्रीहरी भोसले या शिल्पकाराने. दोघांचीही नावं सापडतात, निवळीताईंना बरं वाटेल.

तिसरी_घंटा

मी कोकणकन्येने येतो. पण वडापाव निमूटने द्यायचा.

ओसरी

झकास! येत्या रविवारी सकाळी साडेदहा, घोड्याखाली. (सोमवार नको, एनजीएमए बंद असतं.) भाची पण येईल, ती खुर्ची टेम्पोतून परत न्यायचीच आहे त्या दिवशी. विकली गेली नाही. म्हणजे एकाने मागितली होती, पण बैठकीवर काच टाकून कॉर्नर टेबल करणार म्हणाला, तिने नाही सांगितलं.

बाराबंदी

साताऱ्याहून यायला पाच तास. पण येतो. गुडघ्यांमुळे फार उभं राहवत नाही, ती खुर्ची टेम्पोत चढवायच्या आधी चौकात ठेवा, मी बसतो, तुम्ही घोडा बघा.

आणि ओसरीताई, त्या वेतवाल्या काकांचा नंबर व्यनि कराल का? रिटायर झालो तेव्हा खात्याच्या भंगार लिलावातून एक जुनी वेताची खुर्ची आणली होती, माझीच होती ती, सव्वीस वर्षं तिच्यावर बसलो. बैठक फाटलीय.

पेन्शनर_सेक्टर२२

बाराबंदी!! आधी मागे उलटी करून बघा. रंगाने घातलेला नंबर आहे का? पॉलिशवाल्याला हात लावू देऊ नका!

बाराबंदी

आहे. पांढऱ्या रंगात, खात्याचं नाव आणि ११४. त्यावर आमच्या हिने सध्या सांडगे वाळत घातलेत, सुकल्यावर फोटो टाकतो.